ब जीवनसत्त्वे

पाण्यात विरघळणाऱ्या आठ जीवनसत्त्वांचा गट: थायामिन (ब१), रायबोफ्लेविन (ब२), नायासिन (ब३), पँटोथेनिक आम्ल (ब५), पिरिडॉक्सिन (ब६), बायोटिन (ब७), फोलेट (ब९) आणि ब१२. मधले आकडे गळाले, कारण ते पदार्थ जीवनसत्त्वे नाहीत असे मागाहून ठरले. यांच्यातून ऊर्जा मिळत नाही. पोळीभातातली ऊर्जा मोकळी करणाऱ्या विकरांना ती हाताशी लागतात. तेव्हा ‘ताकदीची गोळी’ हे नाव तसे फसवेच. तोंड आले की मुंबईत केमिस्टकडून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणतात. मुळात कमतरता असेल तर गुण येतो; नसेल तर जास्तीचे ब२ लघवीवाटे निघून जाते, ती पिवळीधमक होते, एवढेच.

थायामिन तांदळाच्या कोंड्यात असते. पॉलिश करताना ते जाते आणि निव्वळ अशा भातावर राहणाऱ्यांना बेरीबेरी होतो. कोकणातला उकडा तांदूळ इथे सरस. भात सालासकट उकडल्याने थायामिन दाण्यात मुरते, म्हणून गिरणीतून आल्यावरही बरेचसे टिकते.

फोलेटच्या शोधाचा धागा परळला पोचतो. इंग्लंडच्या डॉक्टर ल्यूसी विल्स 1928 मध्ये भारतात आल्या आणि हाफकिन संस्थेत गर्भवतींच्या पांडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. गरीब बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी आणि नको तेवढ्या मोठ्या असत. ब१२ कमी पडले तरी रक्त असेच होते, पण शुद्ध ब१२ तेव्हा कुणाच्या हाती नव्हते. विल्स यांनी यीस्टचा अर्क, म्हणजे पावाला लावायचे मार्माइट, देऊन पाहिले आणि रक्त सुधारले. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातला तो अनोळखी घटक पुढे फोलेट ठरला. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या महिन्यातच मिटते, पाळी चुकल्याचे नीट कळायच्या आत. म्हणून दिवस राहण्याआधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, म्हणजे फोलेटचे गोळीतले रूप, घ्यायला सांगतात.

ब१२ जीवाणू बनवतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळते. बांगडा आणि तिसऱ्या यांत भरपूर, भाजी-आमटीत जवळजवळ नाही. यकृतात काही वर्षांचा साठा असल्याने कमतरता उशिरा उघड होते: तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणे. मधुमेहावर मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते घटू शकते. अशा वेळी नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, नसांची झीज मात्र चालूच राहते.