आयटीआयचं सर्टिफिकेट आणि वायरमनचा परवाना

पुण्यात सोसायट्यांच्या देखभालीचं काम मी बरीच वर्षं बघतो. इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी पोरं येतात, त्यांना माझा पहिला प्रश्न असतो, "परवाना आहे का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो सर, आयटीआय झालंय." मग फायलीतून ट्रेड सर्टिफिकेट निघतं. पोरगा औंधच्या शासकीय आयटीआयतून चांगल्या मार्कांनी पास झालेला असतो, हातात कौशल्यही असतं. पण मी विचारलेला कागद तो नव्हे.

आयटीआय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला विज्ञान-गणितासह दहावी लागते, आणि त्यात मोटर, वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर येतं. वायरमनचा भर वायरिंगवर. अप्रेंटिसशिप केलीत तर तिचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं. सोसायटीत पंप, स्टार्टर, जनरेटर सगळंच असतं, म्हणून मी इलेक्ट्रिशियन ट्रेडवाल्याला आधी बघतो. पण वायरमन ट्रेडवाला पोरगा हुशार असेल तर तेवढ्यावरून त्याला परत पाठवत नाही.

खरा घोळ 'वायरमन' या शब्दात आहे. हा आयटीआयचा एक ट्रेड आहे, आणि शासनाकडून मिळणाऱ्या परवान्याचंही हेच नाव. त्यामुळे इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेल्या पोराला वाटतं, परवाना वायरमन ट्रेडवाल्यांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही. आणि वायरमन ट्रेडवाल्याला वाटतं, परवाना तर आपल्याला मिळालेलाच आहे. दोघंही चुकतात. सर्टिफिकेट सांगतं की तुम्ही काम शिकलात. परवाना सांगतो की दुसऱ्याच्या इमारतीतल्या वायरिंगला हात लावायची शासनाने तुम्हाला मुभा दिली आहे. तो महाराष्ट्र शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं, आयटीआय नव्हे. जुने लोक त्याला अजून 'पीडब्ल्यूडीचं लायसन' म्हणतात. आयटीआयचा कागद त्या अर्जाला जोडायचा असतो, दोन्ही ट्रेडवाल्यांनी. सर्टिफिकेट जन्मभर चालतं. परवान्याला मुदत असते, नूतनीकरण करावं लागतं.

"मग परवान्याशिवाय काहीच करायचं नाही का?" असं पोरं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, 2010 च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्याही, याची रेघ आखलेली आहे. 250 व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलायला हरकत नाही, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडची वाढ, फेरफार, दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक माणसाच्या हातूनच व्हायला हवी.

आता ही रेघ प्रत्यक्षात कुठे येते ते बघा. स्वयंपाकघरातला 16 अँपिअरचा जळलेला सॉकेट काढून तसाच नवा बसवला, तर काही बदललं नाही. पण गीझर लावला की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडते म्हणून कुणी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून 32 अँपिअरची आणून 16 च्या जागी बसवली, तर क्षमता बदलली. आत वायर मात्र आधीचीच, अडीच स्क्वेअर मिलिमीटर जाडीची आहे. आता जास्त करंट गेला तरी एमसीबी पडणार नाही, वायर तापत राहील, आणि ते भिंतीच्या आत असल्याने कुणाला दिसणारही नाही. मला सगळ्यात जास्त राग या एका कामाचा येतो, कारण करणाऱ्याला वाटतं आपण फक्त एमसीबी बदलली. पार्किंगमध्ये गाडीच्या चार्जरसाठी मीटर रूममधून नवी लाइन ओढणं हेही रेघेपलीकडचंच काम. हिंजवडी-वाकडकडच्या सोसायट्यांत ही मागणी रोजची झाली आहे, आणि "आपला पोरगा करून देईल" असं सेक्रेटरी सहज म्हणून जातात. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत हे काम कुणी केलं आणि त्याच्याकडे परवाना होता का, हे निघतंच. तेव्हा सेक्रेटरींनी तोंडी सांगितलं होतं, हे उत्तर पुरत नाही.

माझ्याकडे परवाना नसलेला पोरगा लागला तर त्याच्याकडे दिवे, पंखे, स्विच आणि पंपाच्या रीडिंगची वही देतो, आणि पहिल्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज भरायला लावतो. पॅनेल उघडायचं ते परवानाधारक माणसानंच. पोराला हे सुरुवातीला कमीपणाचं वाटतं, ते मला कळतं, तरी मी यात सूट देत नाही.

परवाना आला की काहीजण लगेच व्हिजिटिंग कार्डावर 'ठेकेदार' छापतात. तेही थांबवा. ठेकेदाराचं लायसन्स वेगळं, सुपरवायझरचं प्रमाणपत्र वेगळं. महावितरणच्या नव्या जोडणीसाठी टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा अहवाल, द्यायचा असतो, तेव्हा त्यावर लायसन्सधारक ठेकेदाराची सही लागते. वायरमनच्या परवान्यावर ती करता येत नाही.