घरातली तार किती वेगवान असावी?

घरातील संगणक राऊटरला जोडणारी केबल आज बहुधा एक गिगाबिट वेगाने चालते. तांब्याच्या जोडतारांवरून हा वेग देणारे मानक १९९९ साली आले, १० गिगाबिटचे २००६ साली, आणि अडीच व पाच गिगाबिटचे मात्र २०१६ साली. मधली पायरी सर्वांत शेवटी बसवली गेली, याचे कारण भिंतींत आधीच घातलेल्या केबलमध्ये आहे: १० गिगाबिटला १०० मीटर अंतर गाठण्यासाठी कॅट-६ए या वरच्या दर्जाची केबल लागते, तर अडीच गिगाबिट जुन्या कॅट-५ई केबलवरूनही तेवढेच अंतर कापते.

हा वाढीव वेग कोणाच्या उपयोगाचा, हे ठरवताना बिट आणि बाइट यांची गल्लत टाळावी; आठ बिटांचा एक बाइट होतो. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट, आणि प्रत्येक पॅकेटसोबत, म्हणजे माहितीच्या प्रत्येक लहान तुकड्यासोबत, जाणारी पत्त्याची व तपासणीची माहिती वजा केली की हाती ११५च्या आसपास उरतात. साधी फिरती हार्ड डिस्कही सलग वाचनात १५० ते २५० मेगाबाइट देते. म्हणजे घरात सामायिक साठवण-यंत्र असेल, तर गिगाबिटची तार त्याला आजच अडवून धरते आहे. ५० गिगाबाइटची चित्रफीत गिगाबिटवरून हलवायला सुमारे सात मिनिटे लागतात आणि अडीच गिगाबिटवरून सुमारे तीन, पण पलीकडे सेकंदाला १८० मेगाबाइट देणारी डिस्क असेल, तर अडीच काय आणि दहा काय, पावणेपाच मिनिटे लागणारच. १० गिगाबिटचे चीज होते ते दोन्ही टोकांना वेगवान एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची साठवण) असल्यावर. हजारो लहान फाइलींच्या बाबतीत तर तेही होत नाही, कारण तिथे बराचसा वेळ प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात जातो.

इंटरनेटची जोडणीच गिगाबिटपेक्षा मंद असेल, तर त्यापुढची तार बाहेरच्या कामाला काहीच देत नाही. फोर-के चित्रपटाला सेकंदाला २५ मेगाबिट पुरतात. खेळांतील विलंबाचेही तेच: १५०० बाइटचे पॅकेट गिगाबिट तारेवर चढायला १२ मायक्रोसेकंद लागतात, १० गिगाबिटवर जेमतेम सव्वा, आणि दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा प्रवास मात्र कित्येक मिलिसेकंदांचा असतो. वायफाय सोडून तारेवर येण्याने विलंबात जो फरक पडतो, त्यापुढे ही बचत नगण्य आहे.

त्यामुळे ज्यांचे मोठे साहित्य घरातल्या घरातच फिरते, त्यांनी अडीच गिगाबिट जरूर घ्यावे. तांब्यावरचे १० गिगाबिट जास्त वीज खाते व तापते, म्हणून ते गरज सिद्ध झाल्यावरच. त्याआधी संगणकावर जोडणीचा वेग पाहावा. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच, आणि एखादी जोडी तुटली की अनेक उपकरणे निमूटपणे त्या खालच्या वेगावर उतरतात. अशा वेळी हवा असतो तो नवा स्विच (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी) नव्हे, नवी केबल.