पार्श्वभूमी : धरण भरले, तरी नळ का येत नाही?

धुळे असो, जळगाव, भुसावळ की नंदुरबार, खानदेशात पाण्याची ओरड सुरू झाली की पहिले बोट धरणाच्या साठ्याकडे जाते. पण चांगल्या पावसाच्या वर्षीही रोज नळ येत नाही, हे इथल्या घराघराला ठाऊक आहे. लांबून पाणी आणण्याचे काम प्रत्येक पिढीने केले. गल्लीतल्या वाहिन्यांकडे मात्र कुणी फारसे वळले नाही, आणि खरे दुखणे तिथेच आहे.

पाणी खेळवण्याची विद्या इथे जुनी आहे. पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेले सिंचन, काही शतकांची. बंधारा, पाट, चाऱ्या आणि पाणी सोडणारा पाटकरी अशी तिची रचना. पाटातला गाळ काढणे ही सगळ्या फडकऱ्यांची सामायिक जबाबदारी असे. डागडुजी हा पाणीवाटपाचाच भाग होता. अभियंते विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे पाणी नेणारा नळांचा सायफन होता.

पुढे शहरे वाढली आणि पाण्याचे उद्भव, म्हणजे स्रोत, लांब गेले. धुळ्याला डेडरगाव आणि नकाणे तलाव पुरेनात, म्हणून तापीचे पाणी आले, नंतर अक्कलपाडा धरणाचे. जळगाव गिरणेवरून वाघूर धरणाकडे वळले. तापी धुळ्यापेक्षा बरीच खाली वाहते, त्यामुळे तिचे पाणी उपसून वर चढवावे लागते. वीज गेली किंवा मुख्य वाहिनी फुटली की अख्ख्या शहराचे वेळापत्रक कोलमडते.

त्यात इथली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या बिडाच्या आणि सिमेंटच्या पाइपांचे जोड या हालचालीत ढिले पडतात. पाणी काही दिवसांआड सुटत असल्याने मधल्या काळात वाहिनी रिकामी राहते आणि शेजारच्या गटारीचे पाणी त्याच जोडांतून आत शिरते. घरोघरी नळाला थेट लावलेल्या मोटारी ही ओढ आणखी वाढवतात. नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी सोडून द्यावे लागते, त्याचे कारण बहुधा हेच.

सांडपाण्याची कथा याहून मागासलेली. बहुतेक वस्त्यांत अजून उघड्या गटारी आणि घरामागची सेप्टिक टाकी. इथे एक गोष्ट चर्चेत फार कमी येते. केंद्राच्या १९९९ च्या निकषांत भुयारी गटार नसलेल्या शहराला माणशी रोज ७० लिटर पाणी धरले होते, गटार असेल तर १३५. मैला वाहून न्यायला तेवढा प्रवाह लागतो. आठवड्याने पाणी येणाऱ्या वस्तीत भुयारी गटार टाकले तर ते तुंबणार. म्हणून ही दोन्ही कामे एकत्रच आखायला हवीत.

२०१५ मध्ये शहरांतल्या पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी केंद्राची अमृत योजना आली, २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा. जळगावात तिच्यातून पाणी आणि भुयारी गटार, दोन्हींची कामे निघाली. रस्ते खोदले गेले, धूळ आणि चिखल लोकांनी सोसला. पण नवी वाहिनी पुरली म्हणजे काम संपले असे होत नाही. प्रत्येक घराची जोडणी जुन्या पाइपवरून नव्यावर घेऊन जुना पाइप कायमचा बंद करावा लागतो. तोवर दोन्ही वाहिन्यांत पाणी सोडावे लागते आणि जुनी गळती तशीच चालू राहते.