घटस्फोट न घेता वेगळं राहताय? मग घराचे कागद आधी बघा

आमच्याकडे दस्त करायला येणाऱ्यांत असे नवरा-बायको बरेच असतात ज्यांना घटस्फोट नकोय, कुणाला मुलांमुळे, कुणाला म्हाताऱ्या आईवडलांमुळे, पण एका घरात राहणं आता जमत नाही. बहुतेकांनी आधीच ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून आणलेलं असतं, फ्लॅट बायकोला, गाडी नवऱ्याला वगैरे. कळकळीने सांगतो, त्या कागदाने फ्लॅट कुणाच्याच नावावर होत नाही.

घरातला हिस्सा द्यायचा तर रजिस्टर दस्तच लागतो. समजा कल्याणचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि नवरा आपला हिस्सा बायकोला देतोय. लोक हक्कसोडपत्र करायचं म्हणतात, पण विकत घेतलेल्या फ्लॅटला त्यावर खरेदीखतासारखं शुल्क बसतं, वडिलोपार्जित असेल तरच सवलत. त्यापेक्षा बक्षीसपत्र करा, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायकोने एकमेकांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर नोंदणी फी आणि काही ठिकाणी स्थानिक अधिभार. ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच, पुढे घटस्फोट झाला की गेली. मात्र बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, तेव्हा घाईत सही करू नका. सही झाल्यावर ४ महिन्यांच्या आत नोंदणी करायची आणि मग इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा, दाखवून सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलून घ्यायचं, हे शेवटचं काम हमखास राहून जातं.

लोन चालू असेल तर आधी बँक. तुमच्यात काहीही ठरलेलं असो, कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोवर हप्ता थकला की बँक दोघांनाही धरणार.

मग तो नोटरीचा कागद फुकट गेला का? नाही. बायकोला फुकट दिलेल्या घराचं भाडं एरवी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, पण वेगळं राहण्याच्या करारापोटी, म्हणजे अशाच कागदापोटी, दिलं असेल तर धरत नाहीत, म्हणून त्या कराराचा उल्लेख दस्तात करून घ्या.

आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या नावावरचं घर आपोआप अर्धं होत नाही. गोव्यात वेगळं आहे, तिथल्या नागरी कायद्यात लग्नाआधी दुसरा करार केला नसेल तर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा धरतात. पण बायकांनी एवढ्याने घाबरून जाऊ नये. स्त्रीधन, म्हणजे तुमचे दागिने, भेटी, ते तुमचंच, सासरी ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. आणि घर तुमच्या नावावर नसलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

आणखी एक, याचा विचार फार कमी लोक करतात. कोर्टातून न्यायिक विभक्तता, म्हणजे घटस्फोटाशिवाय वेगळं राहण्याचा हुकूम, घेतली तरी लग्न कायम असतं, म्हणजे हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर वेगळी राहणारी बायकोही मुलांबरोबर आणि सासूबरोबर वारस असते, आणि बायकोच्या मागे नवरा. हे नको असेल तर दोघांनीही मृत्युपत्र करा. नॉमिनी बदलून भागत नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

येताना खरेदीचा करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, लोनचं स्टेटमेंट, दोघांचं आधार आणि पॅन घेऊन या, आणि जमलं तर दोघं मिळून या, समोरासमोर बसायचं नसेल तर वेगवेगळ्या वेळा देतो.