चार मीटरच्या आतली डिकी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला पुढचा बंपर लावून चार गाड्या ओळीने उभ्या असतात. एक डिझायर, एक अमेझ, एक एक्सेंट आणि एक टिगोर. कंपन्या चार, मालकांचे स्वभावही चार. पण मागच्या बाजूने पाहिले तर गवंड्याने दोरी धरावी तशा चारही डिक्या एका रेषेत संपतात. पहिल्या तिघींची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे आणि चौथी त्यांच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनीच कमी आहे. परवडणारी कौटुंबिक सेडान बाळगणाऱ्याच्या रोजच्या बहुतेक सोयी-गैरसोयी या रेषेपाशी येऊन ठेपतात आणि ही रेषा मोटारींच्या अभियंत्यांनी आखलेली नाही.

सेडान हा शब्द आपल्याकडे जाहिरातींनी आणला. घरात बोलताना ‘डिकीवाली गाडी’ असेच म्हटले जाते, आणि एके काळी तर तेही म्हणण्याची गरज नव्हती, कारण रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी डिकीवालीच असे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसडर येई आणि आपल्या कुर्ल्यातून फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही १,०८९ सीसीची गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली, तरी मुंबईकराच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. नंबर लागायला वर्षे जात. एकदा गाडी दारात आली की मात्र डिकीत वळकटी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि वरच्या कॅरिअरवर ट्रंका बांधून सगळे घर गावाला निघे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा हळहळणाऱ्यांमध्ये गाडीपेक्षा त्या कॅरिअरची आठवण काढणारेच अधिक भेटले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि स्वस्त गाडी म्हणजे डिकी नसलेली गाडी असे नवे समीकरण तयार झाले. मागच्या सीटमागे दोन पिशव्या मावतील एवढीच जागा. जी डिकी पूर्वी गृहीत धरलेली होती, तीच आता ऐपतीची खूण ठरली, आणि ८०० विकून ‘डिकीवाली’ घेणे ही मध्यमवर्गीय घरातली बढती मानली जाऊ लागली. या बढतीसाठी १९९० मध्ये मारुती १००० उपलब्ध झाली खरी, परंतु तिचे ९७० सीसीचे इंजिन त्या अंगाला अपुरे पडे. १९९४ च्या एस्टीमने ती उणीव १.३ लिटरच्या इंजिनाने भरून काढली. मोटारनिर्मितीवरील परवान्याचे बंधन १९९३ मध्ये उठल्यावर सिएलो, एस्कॉर्ट, सिटी, अ‍ॅक्सेंट, आयकॉन अशी रांगच लागली, मात्र त्यांच्या किमती बँकेतल्या कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या आवाक्यातल्या नव्हत्या.

त्या आवाक्याच्या जवळ प्रथम पोहोचली ती पुण्याची इंडिगो. आपल्याच डिकी नसलेल्या इंडिकाचा सांगाडा घेऊन, चाकांमधले अंतर २,४०० वरून २,४५० मिलिमीटर करून आणि मागे डिकी जोडून टाटांनी २००२ च्या अखेरीस ती आणली. हॅचबॅकला, म्हणजे डिकी नसलेल्या छोट्या गाडीला, शेपूट लावण्याची ही रीत पुढे सगळ्यांनीच उचलली, कारण पुढचे दरवाजे, डॅशबोर्ड, इंजिन यांचा खर्च आधीच निघालेला असतो.

यानंतर आला २००६ चा अर्थसंकल्प. तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि छोटी गाडी म्हणजे काय, याची व्याख्याही केली: लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० सीसीपर्यंत. उद्देश छोट्या गाड्यांना उत्तेजन देण्याचा होता. मात्र आठ टक्के शुल्काचा फरक पाच-सहा लाखांच्या गाडीत केवढा होतो, हे कारखानदारांना वेगळे सांगावे लागले नाही. जानेवारी २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी छाटून ३,९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस दाखवली. सेडानचे रूप आणि छोट्या गाडीचा कर यांची गाठ पहिल्यांदा तिथे पडली.

या रेषेचा फटका ज्यांना बसला, त्यांत नाशिकची लोगान होती. महिंद्र आणि रेनो यांनी मिळून २००७ मध्ये आणलेली ही गाडी मुळात रुमानियातील डाचियाने स्वस्त कुटुंबगाडी म्हणून २००४ मध्ये काढलेली. रूप अगदी पोळपाटासारखे सपाट, पण मागे तिघे ऐसपैस बसत आणि डिकी होती तब्बल ५१० लिटरची. तिचे डिझेल इंजिन १,५०० सीसीच्या आत बसत होते. लांबी मात्र चार मीटरच्या पंचवीसेक सेंटिमीटर पुढे गेलेली. गोरगरिबांसाठी बेतलेल्या गाडीला आपल्याकडे मोठ्या गाडीचा कर भरावा लागला. माझ्या मते त्या काळातली मालकाच्या दृष्टीने सर्वांत समंजस गाडी तीच होती. पुढे भागीदारी मोडली, गाडीचे नाव व्हेरिटो झाले आणि २०१३ मध्ये मागचा भाग कापून चार मीटरच्या आत बसवलेली व्हेरिटो व्हाइबही निघाली. तोवर बाजार पुढे सरकला होता.

मारुतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च २००८ मधली पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटरची होती आणि तिची डिकी ४४० लिटरची. फेब्रुवारी २०१२ मध्ये नवी आली ती ३,९९५ मिलिमीटरची. डिकी ३१६ लिटरवर आली. १६५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक वीत, पण तेवढ्यात १२४ लिटर जागा, म्हणजे एक मोठी सूटकेस आणि वर एक पिशवी, गेली. ग्राहकांनी नाके मुरडली आणि गाड्या घेतल्या. त्यानंतर २०१३ मध्ये अमेझ, २०१४ मध्ये एक्सेंट आणि झेस्ट, २०१५ मध्ये फोर्डची अ‍ॅस्पायर अशी सगळीच या मापात आली. चाकणच्या कारखान्यातून २०१६ मध्ये निघालेल्या अमिओसाठी तर फोक्सवॅगनने आपल्या पोलो हॅचबॅकचा बंपरही काही मिलिमीटरनी आखूड केला.

इंजिनांचीही निवड याच व्याख्येने केली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव खुले झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हाती राहिले. दोहोंतील तफावत वाढत गेली तशी फियाटच्या मूळ आराखड्यावरची १,२४८ सीसीची डिझेल मोटर मारुतीपासून टाटांपर्यंत अनेकांच्या बॉनेटखाली दिसू लागली. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणाऱ्या घराला ती परवडली, आणि टॅक्सीवाल्यांना तर फारच. डिझायर २०१८ या वर्षात देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली, त्यात या दोघांचाही वाटा होता. त्याचा एक परिणाम खासगी मालकांच्या वाट्याला आला, तो किरकोळ असला तरी सांगण्यासारखा आहे: रेल्वे स्थानकाबाहेर पत्नीची वाट पाहत थांबलो असताना एक गृहस्थ शांतपणे मागचे दार उघडून बसले आणि त्यांनी मला ओटीपी सांगितला. पांढरी नंबरप्लेट दाखवल्यावर ते उतरले, पण चूक माझीच असल्यासारखे पाहत.

१ एप्रिल २०२० पासून धुरातील प्रदूषणावरची बीएस-६ मानके लागू झाली. छोट्या डिझेल इंजिनाला त्यात बसवण्याचा खर्च या किमतीच्या गाडीला झेपणारा नव्हता, म्हणून मारुतीने डिझेलच सोडले आणि जास्त धावणाऱ्यांनी सीएनजीकडे मोर्चा वळवला. येथे डिकीची दुसऱ्यांदा काटछाट झाली. ५५-६० लिटर धारणक्षमतेची टाकी डिकीत आडवी बसते; तिच्यात आठ-नऊ किलो गॅस मावतो आणि तिच्यापुढे उरते ती भाजीच्या पिशव्यांची जागा. मी बाहेरून किट बसवून घेतले, तेव्हा फिटरने टाकीचे स्टँड स्टेपनीच्या थेट वर ठोकून दिले. ते मला कळले गणपतीत, माणगावच्या अलीकडे, रात्री साडेअकराला पंक्चर झाल्यावर. मखराचे थर्माकोल, दोन बॅगा आणि नारळांचे पोते रस्त्याच्या कडेला मांडून, टाकीच्या स्टँडचे नट सैल करून स्टेपनी ओढून काढायला पाऊण तास लागला. ज्यांना किट बसवायचे असेल, त्यांनी स्टँड उंच करून खालून चाक सरकते की नाही, हे फिटरसमोरच करून पाहावे. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, करावी लागते, त्या वेळीही हे सोयीचे पडते.

कारखान्यांनी यावर उपाय शोधायला वेळ लावला. टाटांनी २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. टिगोरच्या मालकाला निदान बॅग ठेवण्यापुरती सपाट जागा परत मिळाली.

मधल्या काळात हीच चार मीटरची सवलत उंच गाड्यांनीही उचलली. इकोस्पोर्ट २०१३ मध्ये, ब्रेझा २०१६ मध्ये, नेक्सॉन २०१७ मध्ये आली. स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही, हे एकच कारण पुष्कळांना पुरले. झेस्ट, एक्सेंट, अमिओ, अ‍ॅस्पायर बंद झाल्या. आमच्या पार्किंगमधल्या एक्सेंटचे मालक आता सुटे भाग मिळतील तोवर ती वापरायची, असे म्हणतात.

शुल्काची नावे बदलली, रेषा राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के कर आणि एक टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर १८ टक्के झाला, तर रेषेपलीकडच्या गाड्यांना ४० टक्के. म्हणजे २००६ मध्ये आठ टक्क्यांचा असलेला फरक आता बावीस टक्क्यांचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले, डिकीही ३८२ लिटरपर्यंत परत वाढली. लांबी मात्र ३,९९५ मिलिमीटरच आहे.