चोरिसांची माळ आणि तेरा वर्षांचं युद्ध

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या तिखट डुकराच्या सॉसेजच्या, लालभडक माळा दिसल्या की मला एक युद्धकथा आठवते. डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य सीमेवर येऊन ठेपलेलं, आणि गोव्यातल्या पोर्तुगीज सैन्याकडे रणगाड्यांवर मारा करायला दारूगोळा जवळजवळ नाहीच. लिस्बनकडे तो मागताना बिनतारी संदेशात त्याला ‘चोरिस’ हा सांकेतिक शब्द वापरला, आणि विमानातून खरोखरचे चोरिस आले, असं पोर्तुगालचे जुने सैनिक सांगत. गोष्टीला सांगणाऱ्यांनी तिखटमीठ लावलं असेलच. पण त्या राजवटीत खालून वर आणि वरून खाली जाणाऱ्या निरोपांचं काय होत असे, ते तिच्यात नेमकं उतरलंय.

चोरिस आले की नाही देव जाणे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम मात्र नक्की आला. १४ डिसेंबरला त्याने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना कळवलं की युद्धबंदी नको आणि पोर्तुगीज कैदीही नकोत. सैनिक एकतर जिंकलेले असतील, नाहीतर मेलेले. समोर कित्येक पट मोठी फौज होती. वासालो इ सिल्वांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि तीन हजारांवर माणसं वाचवली. हे कैदी मे १९६२ मध्ये कराचीमार्गे मायदेशी पोचले. तिथे त्यांच्या वाट्याला संशय आला आणि गव्हर्नरांना पुढच्या वर्षी सैन्यातून बडतर्फ करण्यात आलं. आपल्याकडे ही गोष्ट इथे संपते, कारण आपला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालच्या सैन्यात ती पुढे तेरा वर्षं मुरत राहिली.

कारण त्याच १९६१ मध्ये अंगोलात बंड पेटलं होतं. १९६३ मध्ये गिनी आणि १९६४ मध्ये मोझांबिकही त्या आगीत आलं. पोर्तुगालची लोकसंख्या तेव्हा नव्वद लाखांच्या आसपास. त्या देशाने १९७४ पर्यंत सुमारे आठ लाख तरुण आफ्रिकेत पाठवले. एवढा भार सोसायला लावायचा तर आधी भाषा ताब्यात घ्यावी लागते. वसाहतींना १९५१ पासूनच ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायचं ठरलं होतं. आता स्वतःच्याच प्रांतात युद्ध कसं असेल? मग ते युद्ध नव्हेच, तो बंदोबस्त. आणि समोरचे म्हणजे दहशतवादी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरे. गोव्यातल्या जुन्या मंडळींना हे नवीन नाही. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणाव्या लागत, हे मुक्तीपूर्व काळ पाहिलेल्या माणसांकडून तुम्हीही ऐकलं असेल.

घराघरांत मात्र युद्ध शिरलेलं होतंच. सैनिकांसाठी घडीचं हवाईपत्र निघालं होतं, त्याला टपालखर्च नसे. अनोळखी मुली ‘युद्धातली धर्ममाता’ म्हणून जवानांना पत्रं लिहीत. नाताळात टीव्हीवर एकेक जवान कॅमेऱ्यासमोर येई, आईबापांना शुभेच्छा देई आणि ‘परत येईपर्यंत निरोप’ म्हणून बाजूला होई. वाट्याला काही सेकंद. तेवढ्यासाठी अख्खं घर पडद्यापुढे बसलेलं.

ज्यांना जायचं नव्हतं ते पळाले. फ्रान्सकडे चोरवाटेने नेणारे दलाल होते. निघताना स्वतःचा फोटो फाडून अर्धा घरच्यांपाशी ठेवायचा, अर्धा खिशात. सुखरूप पोचल्यावर खिशातला अर्धा घरी धाडायचा. दोन्ही तुकडे जुळले की घरचे दलालाचे पैसे भागवत. गंमत अशी, की या पळालेल्यांनी आणि रोजगारासाठी गेलेल्या लाखोंनी घरी धाडलेला पैसा हा पोर्तुगालच्या परकीय चलनाचा मोठा आधार ठरला. युद्धाला पाठ दाखवणाऱ्यांच्या कमाईवर युद्ध करणारं सरकार तगत होतं. तक्रार करू शकणारा तरुण देशाबाहेर गेला, हा आणखी एक फायदा.

मग लोक गप्प का राहतात? युद्धाच्या सुरुवातीला जनता सत्तेभोवती एकवटते, हे जॉन म्यूलर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० मध्ये आकडेवारीने दाखवलं. पण ती लाट ओसरते. नंतर उरतं ते तिमुर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने मांडलेलं: तोंडावर एक, मनात एक. प्रत्येकाला वाटतं, वैतागलेला मी एकटाच. शेजाऱ्यालाही तसंच वाटतं. त्यामुळे बाहेरून राजवट भक्कम दिसते. आतून ती किती पोखरलीय हे कुणालाच कळत नाही, अगदी हुकूमशहालाही नाही, कारण लोकांना जितकं घाबरवावं तितकं खरं बोलणारं माणूस मिळत नाही. सालाझारचं तर टोकच झालं. १९६८ मध्ये खुर्चीवरून पडण्याचं निमित्त झालं, मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याच्या जागी मार्सेलो कायतानो आला. १९७० मध्ये मरेपर्यंत सालाझारला हे कुणी सांगितलंच नाही. भेटायला येणारे मंत्री तो अजून पंतप्रधान असल्यासारखंच वागत.

आजचं उदाहरण हवं तर रशियन पर्यटकांचं आवडतं मोरजी गाव गोव्यातच आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला, आणि रशियातून येणाऱ्यांची कार्डं इथे चालेनाशी झाली. तिकडे ‘युद्ध’ शब्दाला ‘विशेष लष्करी मोहीम’ हा पर्याय आला आणि सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये पुतिन यांना टीव्हीवर माफी मागावी लागली ती कशाबद्दल? अंडी महागली म्हणून. जवान किती पडले यावर चर्चा होऊ देता येत नाही. अंड्यांचा भाव मात्र दुकानात प्रत्येकाला दिसतो, तो लपवणार कुठे?

पोर्तुगालकडे परत येऊ. मेलेल्या पोर्तुगीज सैनिकांचा आकडा आठ-नऊ हजारांपर्यंत गेला, सरकारी खर्चाचा मोठा वाटा सैन्यावर जाऊ लागला, तरी राजवट हलली नाही. ती हलली बढत्यांवरून. दीर्घ युद्धात अधिकारी कमी पडतात. लष्करी अकादमीत कुणी जाईना, म्हणून १९७३ मध्ये सरकारने सक्तीच्या भरतीतून आलेल्यांना छोट्या अभ्यासक्रमानंतर कायम अधिकारी होण्याची वाट खुली केली. आफ्रिकेत दोन-तीन फेऱ्या मारलेले कॅप्टन भडकले. त्यांच्या बैठका पगार-बढतीच्या कुरकुरीने सुरू झाल्या खऱ्या, पण त्या कुरकुरीखाली गोवा होता. गिनीत वाटाघाटी कराव्यात असं तिथले सेनापती जनरल स्पिनोला सांगत होते. कायतानोचं उत्तर असं, की तडजोडीपेक्षा सन्मानाने झालेला लष्करी पराभव परवडला. म्हणजे पुन्हा तेच. वर बसलेले हरण्याचा हुकूम देणार आणि हरल्याचं खापर सैनिकांवर फोडणार. वासालो इ सिल्वांचं काय झालं हे प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक होतं.

२५ एप्रिल १९७४ च्या पहाटे याच कॅप्टनांच्या तुकड्या लिस्बनमध्ये शिरल्या. रेडिओवरून ते लोकांना पुन्हापुन्हा घरात थांबायला सांगत होते. लोक ऐकेनात. रस्ते भरले, बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशन खोचले गेले. आपण एकटे नव्हतो हे त्या सकाळी प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत कायतानो शरण आला. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चौघे गेले. अर्ध्या शतकाजवळ पोचलेली हुकूमशाही एका दिवसात कोसळली.

गोवा भारताचा असल्याचं पोर्तुगालने मान्य केलं ते त्याच वर्षी, ३१ डिसेंबरच्या करारात. वासालो इ सिल्वांना त्यांचा लष्करी हुद्दा परत मिळाला. पुढे ते गोव्यात आलेही, पाहुणे म्हणून, आणि इथल्या लोकांनी त्यांचं चांगलं स्वागत केलं.