ब्रिटिश काळातले खापरपणजोबा सरकारी दप्तरात कसे शोधायचे? अर्ज, कागदपत्रं आणि कुठे जायचं

तहसीलमध्ये जाऊन 'आमच्या खापरपणजोबांची माहिती द्या' म्हटलं तर क्लार्क काहीच करू शकत नाही, कारण जुनं रेकॉर्ड माणसाच्या नावाने लावलेलं नसतं, गावाच्या नावाने आणि वर्षाप्रमाणे बांधून ठेवलेलं असतं. म्हणून अर्जाआधी घरातच तीन गोष्टी काढून घ्या: मूळ गाव आणि त्याचा तेव्हाचा तालुका, जन्म-मृत्यूचं अंदाजे साल, आणि त्यांच्या वडिलांचं नाव. वडिलांचं नाव पाहिजेच, कारण त्या काळात बऱ्याच नोंदींत आडनाव नसतंच, नुसतं 'राणू बिन बाळू' (म्हणजे बाळूचा मुलगा राणू) असतं आणि आडनाव धरून शोधत बसलात तर समोरची नोंदसुद्धा सुटते. घरातली सगळ्यात म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, प्लीज, हे काम पुढे ढकलू नका.

पहिला अर्ज तहसीलच्या अभिलेख कक्षात करायचा, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकासाठी. गावातले जन्म आणि मृत्यू यात लिहिले जायचे, वडिलांचं नाव आणि जात पण मिळते, त्यामुळे एक नोंद सापडली की वरची पिढी आपोआप हाताला लागते. अर्ज साध्या कागदावर, कोर्ट फी स्टॅम्प लावून, सोबत आधारची झेरॉक्स आणि स्वतःपासून त्या पूर्वजापर्यंतची वंशावळ लिहून जोडा. गाव, नमुना आणि साधारण दहा वर्षांचा टप्पा स्पष्ट लिहा (उदा. 1890 ते 1900) आणि 'प्रमाणित नक्कल मिळावी' असंच लिहा, नुसती झेरॉक्स पुढे कुठे चालत नाही.

जमीन असेल तर मग फारच बरं. जुने सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' पोर्टलवर स्कॅन करून टाकलेत, तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडून बघता येतं. वारस फेरफार आधी बघा, कारण माणूस वारला की त्याच्या मुलांची नावं एकाच नोंदीत येतात, कधी बायकोचंही. त्याच्या मागचं पाहिजे असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात कडईपत्रक, सूड या जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला मागायच्या. हे बहुतेक मोडीत असतं, तेव्हा मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागेल. 2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या कामावेळी बऱ्याच जिल्ह्यांनी कुणबी नोंदींचे स्कॅन वेबसाइटवर टाकले, तेही चाळून बघा.

शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मुख्याध्यापकांकडे अर्ज करून मिळतो. पूर्वज पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात वारलेला सैनिक असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव फुकट शोधता येतं, अर्ज लागत नाही, बऱ्याच नावांपुढे वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं आहे. इनामदार, वतनदार घराणं असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर आणि मुंबईचं पुराभिलेखागार, तिथे ओळखपत्र आणि कशासाठी बघायचंय त्याचा अर्ज.

जातीच्या दाखल्यासाठी शोधत असाल तर नोंद कोणत्या तारखेच्या आधीची पाहिजे ते आधीच बघून घ्या: अनुसूचित जाती 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्या 21 नोव्हेंबर 1961, ओबीसी 13 ऑक्टोबर 1967.

मराठवाड्यात ब्रिटिश नव्हे, निजामाचा कारभार होता, त्यामुळे रेकॉर्ड बरंचसं उर्दूत आहे आणि काही हैदराबादच्या अभिलेखागारात.

पणजीला शोधताना तिच्या माहेरच्या गावाचं कोतवाल बुकही मागा, सासरच्या कागदात ती बऱ्याचदा फक्त अमक्याची बायको म्हणूनच असते.

'रेकॉर्ड नाही' असं तोंडी सांगितलं तर तिथेच थांबू नका, तेच लेखी मागा. देत नसतील तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीच आलं तर त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत अपील करा.